कोविड, उदरशूल आणि स्वादुपिंड : काही स्पष्ट विचार

कोविड-१९ या व्याधीविषयी आपल्या व्यवसायबंधूंनी गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले. ज्वर, कास, श्वास, अरुचि, दौर्बल्य या लक्षणांची चर्चा झाली, दोष-दूष्यांचा ऊहापोह झाला, चरकाचा जनपदोद्ध्वंसनीय अध्याय नव्याने वाचला गेला. या सर्व लेखनात उदर मात्र उपेक्षित राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. विषाणू मात्र गेलेला नाही, तो अधूनमधून डोके वर काढतोच. साथीच्या धामधुमीत जे नीट पाहता आले नाही ते शांतपणे पाहण्यास आता सवड आहे. कोविडचा संसर्ग आणि स्वादुपिंडाचा तीव्र दाह यांचा संबंध हा असाच एक राहून गेलेला विषय होय. हा विषय मोठ्या रुग्णालयांचा आहे, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. पोटात दुखू लागलेला रुग्ण प्रथम ज्याच्या दारात येतो त्याचा हा विषय आहे, आणि तालुक्याच्या व खेड्यांच्या ठिकाणी ते दार बहुधा आपलेच असते.

हे लिहिण्यास आम्हांस प्रवृत्त करणारा प्रसंग प्रथम सांगतो. तो आम्हांस भूषणावह नाही.

मे २०२१ मधील गोष्ट. दुसऱ्या लाटेचा जोर ओसरू लागला होता. चव्वेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ, मद्याचे व्यसन नाही, कोविडसाठी रुग्णालयात राहून बारा दिवसांपूर्वी घरी परतलेले. तेथे त्यांस स्टिरॉइड दिले गेले होते व रक्तातील साखर वाढली होती, एवढे कागदांवरून कळत होते. घरी आल्यावर भूक परतली म्हणून त्या दिवशी दुपारी त्यांनी आमरस-पुरीचे पोटभर जेवण केले, आणि सायंकाळपासून आमाशयाच्या प्रदेशी शूल सुरू झाला. दोन वेळा छर्दि झाली. रात्री नऊच्या सुमारास ते आमच्याकडे आले. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, ती साम होती. उदर किंचित फुगलेले, स्पर्श सहन होत होता. दीर्घ आजारानंतरचा मंदाग्नी आणि त्यावर गुरु, स्निग्ध, अभिष्यंदी आहार! हेतु इतका उघड होता की पुढे काही विचारण्याची गरजच वाटली नाही. शंखवटी व हिंगाष्टक चूर्ण दिले, लंघन सांगितले, उष्णोदक घोटघोट घेण्यास सांगितले, आणि आम्ही समाधानाने झोपी गेलो.

पहाटे सहाला त्यांच्या पत्नीचा दूरध्वनी आला. “डॉक्टर, हे रात्रभर नुसते पुढे वाकून बसून आहेत. आडवं होताच येत नाही. पाठीतून कुणी सुरी फिरवतंय म्हणतात.” हे ऐकताच आमच्या लक्षात आले की आदल्या रात्री आमच्यासमोरही ते बाकावर पुढे वाकूनच बसले होते. आम्ही ते पाहिले होते. पण पाहूनही पाहिले नव्हते. शूल पाठीकडे जातो काय हा एक प्रश्न आम्ही विचारला नव्हता. तातडीने त्यांस जवळच्या शहरातील रुग्णालयात पाठविले. सीरम लायपेज चौदाशेच्या वर निघाले, जेथे त्या प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा साठच्या आत होती. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंड सुजलेले व भोवती द्रवसंचय झालेला दिसला. अकरा दिवस त्यांस तेथे राहावे लागले. ते बरे झाले, हे आमचे भाग्य. आमच्या चिकित्सेचे त्यात काही श्रेय नाही. आमच्यामुळे नऊ तास मात्र गेले.

या चुकीचे मूळ केवळ घाईत नव्हते. त्या काळात कोविडमधून उठलेला प्रत्येक तिसरा-चौथा रुग्ण पोटाची काही ना काही तक्रार घेऊन येत असे. एप्रिल २०२० पासून तुळस, दालचिनी, सुंठ व काळी मिरी यांच्या काढ्याचा घरोघरी प्रचार झाला होता. तो प्रमाणात घेतला तर गुणकारीच. पण लोकांनी तो प्रकृति, ऋतु, मात्रा यांचा विचार न करता दिवसातून चार-चार वेळा, भर वैशाखातही घेतला. त्यातून उरोदाह, मुखपाक, अम्लोद्गार यांचे रुग्ण आम्ही सर्वांनीच पाहिले. परिणामी कोविडनंतर पोटात दुखते म्हणजे काढ्याचा अतियोग, किंवा औषधांच्या गोळ्यांनी झालेले अम्लपित्त, किंवा अग्निमांद्य, असे एक ठरीव उत्तर आमच्या मनात तयार होऊन बसले होते. बहुतेक वेळा ते बरोबरही निघे. शंभरांत एखाद्या वेळी चुकणारे उत्तर फार धोक्याचे असते, कारण ते तपासून पाहण्याची सवय मोडते.

आता व्याधीकडे वळू. स्वादुपिंडाचा तीव्र दाह म्हणजे या ग्रंथीत तयार होणारे पाचक स्राव आतड्यात पोहोचण्यापूर्वी तेथल्या तेथेच कार्यप्रवण होऊन ग्रंथीचेच पचन करू लागणे. पाच रुग्णांपैकी साधारण चौघांत तो सौम्य राहतो व आठवड्याभरात शमतो. उरलेल्यांत ग्रंथीचा व भोवतालच्या मेदाचा नाश, जंतुसंसर्ग, आणि फुप्फुस, वृक्क, हृदय यांच्या क्रियेचा लोप असे उपद्रव होतात. हा इंद्रियलोप ४८ तासांहून अधिक टिकला तर व्याधी दारुण समजावा. पहिल्या रात्री मात्र सौम्य रुग्ण आणि दारुण होऊ घातलेला रुग्ण पुष्कळदा सारखेच दिसतात. म्हणून तो कोणता हे आपण दवाखान्यात बसून ठरवू नये.

आपल्या ग्रंथांत हा व्याधी कोठे आहे, हा प्रश्न साहजिकच येतो. क्लोम म्हणजे स्वादुपिंड असे मानणारे आहेत, न मानणारेही तितकेच आहेत. क्लोमाच्या स्थाननिश्चितीचा वाद आपल्या शारीरविदांत फार जुना आहे व तो या लेखात मिटणार नाही. चरकाने कियन्तःशिरसीय अध्यायात अभ्यंतर विद्रधींच्या स्थानांत क्लोम सांगून तेथील विद्रधीत पिपासा, मुखशोष व गलग्रह वर्णिले आहेत. उदकवह स्रोतसाचे मूळही तालु व क्लोम असे सांगितले आहे. स्वादुपिंडाच्या दाहात उदरात व ऊतींत द्रव झिरपून रुग्ण तृषेने व्याकूळ होतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस या वचनांचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. तथापि स्मरण होणे निराळे आणि तादात्म्य सिद्ध होणे निराळे. आमच्या मते लक्षणसमुच्चयाच्या दृष्टीने त्रिविधकुक्षीय अध्यायातील अलसक अधिक जवळचा आहे. आहार आमाशयात स्तब्ध, वायू कोंडलेला, शूल तीव्र, आणि बिघडले तर आशुकारी. त्रिशोथीय अध्यायात आचार्यांनी सर्व विकारांस नावे नसतात व व्याधीचे नाव न आल्याने वैद्याने लाजू नये असे सांगितले आहे. नावावाचून अडत नाही. आम्ही अडलो ते प्रश्न न विचारल्याने.

कोविडशी याचा संबंध कसा जोडला गेला हे थोडक्यात पाहू. हा विषाणू ज्या एस-२ नामक ग्राहकाच्या द्वारे पेशीत शिरतो तो फुप्फुसाप्रमाणे स्वादुपिंडातही आढळतो. २०२० मध्ये चीनमधील वुहान येथील कोविड न्यूमोनियाच्या ५२ रुग्णांपैकी ९ जणांत अमायलेज वा लायपेज वाढलेले आढळले आणि स्वादुपिंडाला इजा होते अशी वार्ता जगभर गेली. डेन्मार्कमधून एकाच कुटुंबातील कोविडबाधित तिघांपैकी दोघांना स्वादुपिंडाचा दाह झाल्याचे प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी मृतांच्या स्वादुपिंडात विषाणूचे अस्तित्व दाखविले व तो त्या पेशींत वाढू शकतो हेही प्रयोगांनी दाखविले.

येथवर वाचून कोविडमुळे स्वादुपिंडाचा दाह होतो असे म्हणण्याचा मोह होईल. थोडे थांबावे. लायपेज किंवा अमायलेज किंचित वाढणे म्हणजे दाह नव्हे. वृक्कांची क्रिया मंदावली, अतिसार झाला, लालाग्रंथींना सूज आली, तरीही ही मूल्ये वाढतात. २०१२ पासून जगन्मान्य असलेल्या निकषांप्रमाणे विशिष्ट उदरशूल, लायपेज वा अमायलेज सामान्य मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सीटी स्कॅन वा सोनोग्राफीतील चिन्हे या तिहींपैकी दोन तरी असावी लागतात. वुहानच्या रुग्णांविषयी नेमका हाच आक्षेप घेतला गेला. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालय-समूहाने हे निकष काटेकोरपणे लावले तेव्हा कोविडने दाखल झालेल्या ११,८८३ रुग्णांत केवळ ३२ जणांना असा दाह आढळला. म्हणजे हजारी तीनही नाहीत. परंतु त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट दिसली. या ३२ जणांत सुमारे ६९ टक्क्यांना दाहाचे कोणतेही ज्ञात कारण सापडले नाही, तर कोविड नसलेल्या स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांत हे प्रमाण सुमारे २१ टक्केच होते. पहिल्या लाटेत अनेक देशांतून गोळा केलेल्या स्वादुपिंडदाहाच्या १,७७७ रुग्णांच्या अभ्यासात १४९ जण कोविडबाधित होते, आणि त्यांच्यात व्याधीची तीव्रता व मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक होते.

या आकड्यांचा अर्थ लावताना आपल्या निदानस्थानातील एक संकल्पना उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते. चरकाने निदानार्थकर रोगांचे वर्णन केले आहे. एक रोग दुसऱ्या रोगाचा हेतु बनतो, जसे ज्वरसंतापातून रक्तपित्त. त्यांत काही रोग दुसऱ्यास जन्म देऊन स्वतः शमतात, काही स्वतः टिकून राहून दुसऱ्यासही वाढवितात, हा सूक्ष्म भेदही आचार्यांनी केला आहे. कोविड हा स्वादुपिंडदाहाचा निदानार्थकर आहे काय? असल्यास कोणत्या प्रकारचा? विषाणूंनी स्वादुपिंडास दाह होतो ही गोष्ट नवी नाही. गालगुंडाच्या बाबतीत ती फार पूर्वीपासून ज्ञात आहे, डेंग्यूतही अशा नोंदी आहेत. म्हणून कोविडच्या बाबतीत ती असंभवनीय नाही. पण साथीच्या काळात रुग्णालयात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाची कोविड चाचणी होत होती. त्यामुळे ज्याचा दाह पित्ताशयातील खड्यांमुळे झाला त्याच्याही केसपेपरवर कोविडची नोंद चढली. कावळा बसावा आणि ताडफळ पडावे, यास आपल्या न्यायशास्त्राने काकतालीय असे नाव दिलेलेच आहे. शिवाय वैद्यकीय मनुष्यबळाच्या ओढाताणीत सर्वच कारणांचा शोध घेतला गेला असेल असे नाही, आणि न शोधलेले कारण व न सापडलेले कारण कागदावर सारखेच दिसतात. तेव्हा संबंध संभाव्य आहे, विरळ आहे, आणि निर्विवाद सिद्ध झालेला नाही, इतकेच आज प्रामाणिकपणे म्हणता येईल.

आणखी एक वाट आहे आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. व्याधीपेक्षा व्याधीच्या चिकित्सेतून दुसरा व्याधी उद्भवणे. रक्तातील ट्रायग्लिसराइड एक हजार मिलिग्रॅमच्या वर गेले की स्वादुपिंडास धोका असतो. स्टिरॉइडने साखर वाढते, आणि मधुमेह बेताल झाला की ट्रायग्लिसराइडही चढतात. सुरुवातीच्या काळात वापरले गेलेले लोपिनाविर-रिटोनाविर, नंतरचे टोसिलिझुमॅब, व्हेंटिलेटरवरील रुग्णास निद्रित ठेवण्यासाठी दिले जाणारे प्रोपोफॉल, या सर्वांनी रक्तातील स्नेह वाढू शकतो. दुसऱ्या लाटेत स्टिरॉइड किती मुक्तहस्ताने व किती ठिकाणी अकारण दिले गेले हे म्युकरमायकोसिसच्या रूपाने महाराष्ट्राने पाहिलेच आहे.

हे सांगताना अंगुलिनिर्देश केवळ परपक्षाकडे करून चालणार नाही. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुडूची सेवन केलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. वनस्पतीची ओळखच पटवून घेतलेली नाही असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला, व तो आक्षेप विचारार्ह होता. परंतु आपल्यापैकी कितीजणांनी त्या काळात आपण दिलेल्या गुडूचीची जात, मात्रा व कालावधी लिहून ठेवला होता? दप्तर कोरे असताना प्रतिवाद करणे कठीण जाते.

चिकित्सेविषयी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. स्वादुपिंडदाहात आधुनिक चिकित्सकही रुग्णास उपाशी ठेवतात, म्हणजे आमचे लंघनच त्यांनी स्वीकारले, असे आपल्या व्याख्यानांतून पुष्कळदा मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. हे आता जुने झाले. सौम्य दाहात रुग्ण सहन करू शकत असेल तर पहिल्या २४ तासांतच तोंडाने आहार सुरू करावा, दीर्घ उपवासाने आतड्याचे आवरण दुर्बळ होऊन अपायच होतो, असे तेथील मार्गदर्शक सूत्र २०१८ पासून आहे. शिरेतून द्रव भरपूर द्यावेत ही समजूतही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक परीक्षणाने बदलली. अतिप्रमाणात दिलेल्या द्रवाने लाभ न होता फुप्फुसादिकांवर भारच पडला, म्हणून मध्यम मात्रा श्रेयस्कर ठरली. दुसऱ्याच्या शास्त्राचे दाखले द्यायचे तर ते ताजे असावेत.

आपल्या शास्त्रातील जे वचन या ठिकाणी खरोखर उपयोगी आहे त्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. अष्टांगहृदयाच्या मात्राशितीय अध्यायात वाग्भटाने बजावले आहे की अजीर्णाने पीडित मनुष्याने वेदना तीव्र असली तरी शूलघ्न औषध घेऊ नये, कारण आमाने झाकलेला अग्नी दोष, औषध व अन्न या तिघांना एकाच वेळी पचवू शकत नाही. त्या रात्री आमचे निदान क्षणभर खरे धरले तरीही शंखवटी-हिंगाष्टक देणे वाग्भटाच्या मते चूकच होते! ज्या रुग्णास वारंवार छर्दि होत आहे त्याच्या पोटात काढे, चूर्णे, रसकल्प घालीत बसणे शास्त्रसंमत नाही, व्यवहारसंमतही नाही. तीव्र अवस्थेत या व्याधीचे स्थान रुग्णालय आहे. ती अवस्था ओसरल्यावर अग्नीचे रक्षण, पेयादि क्रमाने आहाराची पुनःस्थापना, स्नेहाचे नियमन, मद्याचा त्याग, मधुमेहावर लक्ष, या बाबतीत आपला सल्ला मोलाचा ठरू शकतो. काहीजण स्वादुपिंडाचा रोग समूळ बरा केल्याच्या जाहिराती करतात. त्यांच्या नोंदी त्यांनी निकषांसह प्रसिद्ध कराव्यात, आम्ही आदराने वाचू.

तर मग दवाखान्यात नेमके काय करावे? कोविड होऊन गेलेल्या वा सध्या असलेल्या रुग्णास आमाशयप्रदेशी अकस्मात तीव्र शूल झाला तर तो पाठीकडे जातो काय, पुढे वाकल्याने किंचित हलका होतो काय, छर्दि झाल्यावरही तसाच राहतो काय, हे विचारावे. अम्लपित्ताचा रुग्ण छर्दिनंतर बहुधा सुखावतो, हा सुखावत नाही. कागद असतील तर स्टिरॉइड किती दिवस मिळाले ते पाहावे. पित्ताशयातील खडे व मद्य यांची चौकशी कोविड असला तरी करावी, किंबहुना अधिक आग्रहाने करावी, कारण या दोन कारणांचेच रुग्ण आजही सर्वाधिक असतात. संशय आल्यास लायपेज त्वरित करून घ्यावे; लक्षणारंभानंतर चार ते आठ तासांत ते वाढू लागते, म्हणून फार लवकर केलेली चाचणी सामान्य आली तरी निश्चिंत होऊ नये. ट्रायग्लिसराइडसाठी रक्त पहिल्याच दिवशी घेतले जावे, अशी विनंती पाठविताना चिठ्ठीतच करावी. उपवास घडला की ते झपाट्याने उतरतात व पुरावा नाहीसा होतो. अशा शूलात हृद्रोगही लपलेला असू शकतो, म्हणून ई.सी.जी. टाळू नये. जेथे प्रयोगशाळा नाही तेथे संशय हेच रुग्ण पाठविण्यास पुरेसे कारण समजावे. पाठविलेला रुग्ण केवळ अजीर्णाचा निघाला तर लोक दोन दिवस हसतील, एवढेच.

आपल्या संघटनेपुढेही आमची एक सूचना आहे. कोविडोत्तर उदरशूलाचे जे रुग्ण सभासदांनी पाहिले, त्यांची एकसारख्या तक्त्यात नोंद मागवावी : कोविडचा दिनांक, शूलाचा आरंभ, दिलेली आधुनिक व आयुर्वेदीय औषधे, लायपेज, सोनोग्राफी, आणि परिणाम. यशाच्या कथा नकोत. त्या आपल्याकडे उदंड आहेत. आमची नोंद आम्ही पहिली पाठवू.

ती नोंद भरताना आम्ही हेतूच्या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो. त्या गृहस्थांच्या सोनोग्राफीत खडे नव्हते, पण पित्ताशयात गाळ असल्याची शंका लिहिलेली होती. ट्रायग्लिसराइड तिसऱ्या दिवशी, उपवासानंतर, चारशे ऐंशी निघाले. पहिल्या रात्री ते किती होते हे आता कोणासही सांगता येणार नाही. स्टिरॉइड झालेले होते, साखर वाढलेली होती, विषाणू येऊन गेला होता, आणि आमरस-पुरीही झाली होती. शेवटी आम्ही ही पाचही कारणे लिहिली व प्रत्येकापुढे संभाव्य असा शेरा मारला. विलंबाच्या रकान्यात नऊ तास, आणि त्यापुढे आमचे नाव.